ईपीसीजीची बँक गॅरंटी परत मागून घ्यावी लागते

भोसरीतल्या आमच्यासारख्या कारखान्यांत ईपीसीजीवर, म्हणजे निर्यात करायच्या अटीवर ड्युटी न भरता मशीन आयात करू देणाऱ्या सरकारी योजनेवर, मशीन आणताना बँक गॅरंटीसाठी मालक स्वतः धावतात. निर्यात पुरी झाली की ती कुणाच्या ध्यानीमनी नसते. मी हिशेब बघते, म्हणून बँक कमिशन कापत राहते ते मलाच दिसतं. वर एफडीवर बँकेची लीन, म्हणजे अडकवणूक, तशीच.

पुण्याच्या डीजीएफटीकडून (परकीय व्यापार खात्याकडून) ईओडीसी, म्हणजे निर्यातीची अट पुरी झाल्याचा दाखला, आलं म्हणजे सुटलो असं समजू नका. बाँड, म्हणजे अट पाळू असं कस्टम्सला दिलेलं हमीपत्र ज्यासोबत ही गॅरंटी असते, न्हावाशेव्याच्या कस्टम्सला दिलेला असेल, तर तो तिथूनच रद्द होतो. लेटरहेडवर अर्ज करा, त्यात लायसन्स, बाँड आणि गॅरंटीचे नंबर घाला. मागणी स्पष्ट लिहा: कस्टम्स कायदा १९६२, कलम १४३(२) प्रमाणे बाँड रद्द करून मूळ कागद परत द्यावेत. अटी पूर्ण झाल्यावर बाँड रद्द करणं अधिकाऱ्याला बंधनकारक आहे, पण कागद हातात मिळतो तो मागितल्यावर. दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

‘रिफंडचा अर्ज करा’ असं कुणी सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा. गॅरंटी देणं म्हणजे ड्युटी भरणं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने ओसवाल अॅग्रो मिल्सच्या निकालातच म्हटलंय. कस्टम्सने गॅरंटी वटवून बँकेकडून पैसे घेतले असतील तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे रिफंडचं कलम २७ आणि त्याची एका वर्षाची मुदत आडवी येऊ शकते, तेव्हा लगेच वकील गाठा.

‘तुमची दुसरी थकबाकी आहे’ हे कारण हमखास येतं. ते लेखी मागा आणि गॅरंटीचा मजकूर काढून वाचा. ती कुठल्या लायसन्सपोटी दिली ते त्यातच असतं. थकबाकी खरी असली तरी तिच्या वसुलीला वेगळं कलम १४२ आहे.

या भांडणात मुदत संपत आली तर रागाने नूतनीकरण थांबवू नका. मुदतीच्या तोंडावर कस्टम्सने बँकेला ‘वाढवा नाहीतर पैसे द्या’ लिहिलं की बँक आपलं ऐकत बसत नाही. वाढवून द्या, सोबत हरकतीचं पत्र जोडा.

आदेशच विरोधात गेला असेल तर आयुक्त (अपील) यांच्याकडे ६० दिवसांत अपील करा आणि वादातल्या ड्युटीच्या साडेसात टक्के भरा. उरलेल्या रकमेची वसुली अपील चालू असताना करू नये, असं १६ सप्टेंबर २०१४ चं परिपत्रक सांगतं. तरीही गॅरंटी वटवायची हालचाल दिसली, किंवा अर्जांना उत्तरच येत नसेल, तर मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करा. वकील पहिल्यांदा त्या आवक शिक्क्याच्या प्रतीच मागतील.