जुन्या गाडीची रेस अधूनमधून चढत असल्यास दोष कसा शोधावा

जुन्या एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) पेट्रोल गाडीची आयडल रेस, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरण्याचा वेग, कायम चढलेली असेल, तर दोष लवकर सापडतो. पण ती कधी चढते आणि कधी आपोआप उतरते, तेव्हा गॅरेजात गाडी नेमकी शहाण्यासारखी वागते आणि शेवटी थ्रॉटलचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा) स्क्रू फिरवून रेस कमी करून दिली जाते. तो स्क्रू फिरवू देऊ नये, कारण त्याने मूळ दोष झाकला जातो.

प्रथम रेस कोणत्या परिस्थितीत चढते, याची नोंद ठेवावी: इंजिन सुरू होऊन किती वेळ झाला होता, तापमानाचा काटा कुठे होता, एसी चालू होता का. इंजिन गरम झाल्यावर बहुतेक गाड्यांची आयडल रेस ७५० ते ९५० आरपीएमच्या आसपास असते. थंड इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटे ती १२०० ते १५०० पर्यंत राहणे किंवा एसी लावल्यावर थोडी वाढणे हा दोष नव्हे. ॲक्सिलरेटरचे पॅडल पायाने किंचित वर उचलताच रेस उतरली, तर केबल किंवा थ्रॉटलची झडप अडकते आहे, असे समजावे.

मराठवाड्यातील गाड्यांत सर्वांत आधी कूलंट तपासावे, असे माझे मत आहे. रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी भरण्याची सवय आपल्याकडे सर्रास आढळते. त्या पाण्याचे क्षार तापमान सेन्सरच्या टोकावर साचतात. पातळी खाली गेली, तर सेन्सरभोवती हवेचा बुडबुडा अडकतो आणि इंजिन गरम असूनही ते थंडच आहे, असे ईसीयूला (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाला) वाटते व तो रेस चढवतो. दुसरी गोष्ट याहून फसवी आहे. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून अनेक ठिकाणी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढूनच टाकला जातो. मग डिसेंबरच्या पहाटे लातूरहून अंबाजोगाईकडे निघालेल्या गाडीचे इंजिन मोकळ्या रस्त्यावर पुरेसे तापत नाही आणि रेस चढलेली राहते, पण गावातल्या गर्दीत ते तापताच ती उतरते. मे महिन्यात हा दोष जवळजवळ दिसतही नाही. म्हणून इंजिन पूर्ण थंड असतानाच झाकण उघडून पातळी पाहावी, थर्मोस्टॅट जागेवर आहे ना याची खात्री करावी आणि योग्य प्रमाणात कूलंट भरून अडकलेली हवा बाहेर काढावी.

त्यानंतर हवेची गळती, म्हणजे थ्रॉटलला वळसा घालून इंजिनात शिरणारी जादा हवा, शोधावी. वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने रबरी व्हॅक्यूम पाइप कडक होतात व टोकाशी चिरतात. चीर गरम झाल्यावर फाकते आणि थंड झाल्यावर मिटते, त्यामुळे दोष येतो-जातो. हँडब्रेक लावून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, फिरता पंखा व पट्टा यांपासून हात आणि सैल कपडे दूर ठेवत इंजिन चालू करावे आणि सांध्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारावा. एखाद्या ठिकाणी रेस बदलली, तर गळती तिथेच आहे. यासाठी पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर वापरू नये, गरम इंजिनावर तो पेट घेऊ शकतो. ब्रेक बूस्टरचा (ब्रेक दाबायला हलका करणाऱ्या भागाचा) पाइपही विसरू नये.

गळती नसेल, तर आयडल व्हॉल्व्ह (आयडलवर हवा कमी-जास्त करणारी, ईसीयूच्या ताब्यातील झडप) पाहावा. ज्या गाडीत त्याला हवा पुरवणारा वेगळा रबरी पाइप असतो, तिथे चिमट्याला कापड गुंडाळून तो पाइप क्षणभर दाबावा: रेस एकदम उतरली, तर जादा हवा त्याच मार्गाने येते आहे, मात्र ती व्हॉल्व्ह अडकल्यामुळे येते की ईसीयूनेच तो उघडा ठेवला आहे, हे तापमान सेन्सर तपासल्यावर कळते. काजळीने अडकलेला व्हॉल्व्ह थंड इंजिनावर काढून साफ करावा, पण त्याची सुई जबरदस्तीने दाबू नये. नंतर बॅटरीची ऋण तार काही मिनिटे सोडवून पुन्हा जोडावी आणि सगळे विद्युत भार बंद ठेवून इंजिन आयडलवर पूर्ण गरम होऊ द्यावे.

तापमान सेन्सर मल्टिमीटरने मोजता येतो. बहुतेक गाड्यांत २० अंश सेल्सिअसला त्याचा रोध दोन ते तीन किलो-ओम आणि ८० अंशांना सुमारे ३०० ओम असतो. मोजमाप योग्य येऊनही रेस चढत असल्यास इंजिन चालू ठेवून कनेक्टरची तार हळूच हलवून पाहावी; गंजलेली पिन किंवा आतून तुटलेली तार क्षणभर संपर्क सोडते, त्या क्षणी ईसीयूला इंजिन अतिशय थंड असल्याचा संकेत मिळतो आणि रेस चढते.