गाडीमागे ओढायच्या राहत्या ट्रेलरच्या (कॅरव्हॅन) बाहेरच्या भागांना वंगण कोणतं, कुठे

आधी धूळ आणि जुनं चिकट वंगण ब्रश-फडक्याने काढा. घाणीवर वंगण मारलं तर तिचीच पेस्ट होते आणि भाग झिजतो.

बिजागऱ्या, पायऱ्यांचे सांधे, जॅकचे आटे यांना कोरडं पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे. ओलं तेल इथे नको, रस्त्याची माती चिकटते. स्प्रे मारून भाग चार-पाच वेळा पूर्ण उघडा-मिटवा आणि ओघळ पुसा. कुलपात ग्रॅफाइट पूड, अगदी चिमूटभर. तेल आणि ग्रॅफाइट एकत्र मात्र नको, त्याचा गाळ आत अडकतो.

दारं-खिडक्यांच्या रबरी सीलना फक्त सिलिकॉन वंगण, तेही फडक्यावर घेऊन. पेट्रोलियम जेली किंवा ग्रीसने बरेचसे रबर फुगून मऊ पडतात, मग पाणी झिरपतं. स्प्रे थेट मारू नका: पत्र्यावर सिलिकॉन उडालं तर पुढे तिथे सीलंट किंवा रंग धरत नाही.

हिच बॉलवर (ट्रेलर अडकवायचा गाडीमागचा गोळा) ग्रीसचा पातळ थर द्या. पण कपलरमध्ये (त्या गोळ्यावर बसणारी ट्रेलरची पकड) घर्षण पॅड असतील तर बॉल कोरडा, स्वच्छच हवा. ग्रीस लागलं की ट्रेलरचं डोलणं आवरत नाही. विजेच्या प्लगच्या पिनांना डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस, गंज टळतो.