ईमेलला कुलूप आहे, पण चावी कोणाकडे? या चुका टाळा

जुलैत रिटर्नची घाई सुरू झाली, की नागपूरच्या धरमपेठ-रामदासपेठेतल्या सीएंकडे पॅन, आधार, बँकेचं स्टेटमेंट, सगळं ईमेलनेच जातं. "जीमेल आहे ना, मग सेफ आहे," हे ठरलेलं वाक्य. ते अर्धंच खरं.

मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना बहुतेक वेळा टीएलएस या सुरक्षा पद्धतीने एन्क्रिप्ट होतो, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येत नाही. पोचल्यावरही तो कुलपातच ठेवतात, पण चावी कंपनीकडे. गूगल २०१७ पर्यंत जाहिरातींसाठी साध्या जीमेलमधला मजकूर यंत्राकडून चाळत होतं. मग कंपनीने धोरण बदललं. वाचण्याची सोय तिच्याकडे तशीच राहिली. कायदेशीर आदेश आला तर मजकूर देताही येतो. जीमेलच्या 'कॉन्फिडेन्शियल मोड'मुळे फॉरवर्ड-डाउनलोडची बटणं जातात, चावी जागची हलत नाही.

दुसरी चूक म्हणजे प्रोटॉन मेल ही एन्क्रिप्टेड मेलची स्विस सेवा घेतली आणि निर्धास्त झालो. प्रोटॉनवरून प्रोटॉनवर गेलेला मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही, हे खरं. पण सीएसाहेब जीमेलवर असतील तर त्यांच्याकडे तो नेहमीसारखाच पडतो. अशा वेळी मेलला पासवर्ड लावायची सोय वापरा आणि पासवर्ड फोनवर सांगा. विषयाची ओळ मात्र प्रोटॉनमध्येही अशी झाकली जात नाही. तिथे पॅन नंबर टाकू नका. शिवाय कोणी कोणाला कधी लिहिलं, हेही झाकलं जात नाही. २०२१ मध्ये स्विस आदेशावरून प्रोटॉनला एका फ्रेंच कार्यकर्त्याचा आयपी पत्ता (इंटरनेट कनेक्शनचा क्रमांक) नोंदवून द्यावा लागला होता.

सगळ्यात जास्त दिसणारा घोळ वेगळाच. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्माचं वर्ष. त्याच मेलला पॅन कार्डाचा फोटो जोडलेला, त्यावर नाव आणि जन्मतारीख ठळक! आता काय बोलावं, भाऊ?

जीमेलमध्ये लाल, उघडं कुलूप दिसलं, तर समोरच्याची मेल सेवा टीएलएस वापरत नाही. तिथे कागद पाठवू नका, दुसरा पत्ता मागा.

आणि प्रोटॉनचा पासवर्ड रीसेट केल्यावर जुने मेल उघडेनासे झाले, तर सेवा बिघडलेली नाही. जुन्या मेलची चावी जुन्या पासवर्डाशी बांधलेली असते. तो आठवला किंवा रिकव्हरी फ्रेज (खातं परत मिळवायला प्रोटॉन देतं ती शब्दांची यादी) लिहून ठेवलेली असली तर मेल परत उघडतात. नाहीतर कस्टमर केअरकडेही उपाय नाही.