चार लाखांची डिग्री, साडेआठ लाखांची परतफेड

कॅपच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्या लागल्या की बार्शीकडून दरवर्षी तीन-चार फोन ठरलेले. "दादा, कॉम्प्युटरला नंबर लागत नाहीये, इलेक्ट्रिकल मिळतंय. घेऊ का?" पूर्वी मी लगेच हो म्हणायचो. आता आधी विचारतो, "पैसे कुठून आणणार?" पोरांना वाटतं, दादा नोकरीला लागला आणि चिक्कू झाला.

आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. डीपीवरचा डीओ, म्हणजे फ्यूज, उडतो, मोटार दोन फेजवर गुरगुरत राहते, जळते, आणि शेतकरी ती मोटारसायकलच्या कॅरिअरला बांधून आमच्या दारात आणतो. जळकी तार काढायची, स्लॉट साफ करायचे, नवं वाइंडिंग भरायचं, वरून व्हार्निश. त्या वासात मी बारावीचा अभ्यास केला. अण्णांची शाळा नववीपर्यंत, पण बॉडीला हात लावून ते सांगायचे, बेअरिंग गेलंय का वाइंडिंग. डिग्री घेतली की मी त्यांच्या पुढे जाईन असं मला वाटायचं. असो.

2014 ला पुण्याजवळच्या एका खासगी कॉलेजात प्रवेश घेतला. वर्षाला एक लाख, असं चार वर्षांचं 4 लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं. चारच का, तर तेवढ्यापर्यंत तारणही लागत नाही आणि जामीनदारही. शाखेतल्या साहेबांनी सांगितलं, "शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत काही भरायचं नाही." अण्णांनी हात जोडले. मी पेढे वाटले.

ते वाक्य खोटं नव्हतं, अर्धं होतं. भरायचं नसतं, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. मला हे 2019 मध्ये कळलं, म्हणून इथे जरा थांबतो. कंटाळा आला तरी हा हिशेब वाचाच.

माझा दर 12 टक्के होता. पहिल्या वर्षी उचललेल्या लाखावर हप्ता सुरू होईपर्यंत पाच वर्षांचं सरळव्याज लागलं, 60,000. दुसऱ्या लाखावर चार वर्षांचं 48,000, तिसऱ्यावर 36,000, चौथ्यावर 24,000. एकूण 1,68,000. हप्ता सुरू होताना ही रक्कम मुद्दलात मिसळली आणि 4 लाखांचे 5,68,000 झाले. त्यावर परत व्याज. सात वर्षांसाठी महिन्याचा हप्ता बसला 10,027. असे 84 हप्ते म्हणजे 8 लाख 42 हजार. तेव्हा माझ्या हातात पगार यायचा 16,500. चाकणला खोलीभाडं आणि मेस भागवून महिन्याच्या वीस तारखेला मी अण्णांकडे पैसे मागायचो, इंजिनिअर होऊन.

ते 1,68,000 शिकत असतानाच भरले असते तर? पहिल्या वर्षी महिना हजार, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी तीन, शेवटची दोन वर्षं चार हजार. सगळं जमलं नसतं, मान्य. पण पहिली दोन वर्षं नक्की जमली असती, दुकानात दोन मोटारी जास्त भरल्या की झालं. आणि सगळं व्याज भरत आलो असतो तर हप्ता 7,061 वर आला असता. महिन्याला जवळपास तीन हजारांचा फरक. सोळा हजारांच्या पगारात तीन हजार म्हणजे काय, हे ज्याने काढलंय त्याला विचारा.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट पुढे आहे. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षणाच्या कर्जावर या थांबलेल्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. योजना 2009 पासून आहे. आमचं उत्पन्न त्याच्या निम्मंही नव्हतं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला माझ्या ट्रंकेत होता, कॉलेजातल्या दुसऱ्या कुठल्या तरी फॉर्मसाठी काढलेला. बँकेत तो कधी दिलाच नाही, कारण कोणी मागितला नाही आणि मी विचारलं नाही. हॉस्टेलच्या शेजारच्या खोलीतल्या पोराने दिला होता. त्याचा हप्ता चार लाखांवर सुरू झाला, माझा पावणेसहा लाखांवर. चिडलो, शाखेत जाऊन भांडलो. साहेब केव्हाच बदलून गेले होते.

शहाणपण आलं म्हणाल तर तेही नाही. 2020 मध्ये कंपनी बंद, पगार अर्धा, आणि रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली. मी लगेच घेतली. सहा महिन्यांत साधारण 32 हजार पुन्हा वर चढले. वरचे 84 हप्ते त्यामुळेच आणखी लांबले.

मग डिग्री फुकट गेली का? नाही. तिचा फायदा उशिरा दिसतो, एवढंच. पहिली दोन वर्षं डिप्लोमावाला तुमच्या पुढे असतो आणि आयटीआयवाला तर तुम्हाला शिकवत असतो. पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात माझी सुरुवात लग क्रिम्प करणं आणि तारांना फेरूल चढवणं यातून झाली. चौथ्या आठवड्यात टेस्टिंगला उभा होतो. प्रायमरीतून करंट चालू, आणि अॅमीटर बदलायचा म्हणून मी सीटीच्या, म्हणजे करंट मोजायच्या ट्रान्सफॉर्मरच्या, सेकंडरीचा स्क्रू सैल करायला घेतला. मागून एका वायरमन दादाने मनगट धरलं. "शॉर्टिंग लिंक लावली का?" सीटीची सेकंडरी उघडी ठेवायची नाही, हे मी तिसऱ्या वर्षाच्या पेपरात पाच मार्कांना लिहिलं होतं. प्रायमरीत करंट असताना ती उघडली की टोकांवर जीवघेणा व्होल्टेज चढतो, तोही कारणासकट लिहिला होता. हाताला मात्र माहीत नव्हतं. त्या दादांना मी आजही दिवाळीला फोन करतो. मेंटॉर वगैरे शब्द त्यांना सांगितला तर हसतील.

डिग्रीची किंमत तिसऱ्या-चौथ्या वर्षी कळली. रिले सेटिंगचं काम आलं तेव्हा फॉल्ट लेव्हल, म्हणजे शॉर्ट सर्किट झालं तर किती करंट वाहील ते, काढून दोन ब्रेकरमध्ये आधी कोणता ट्रिप व्हायला हवा, हे कागदावर मांडता येणारे कमी निघाले. तिथून टेस्टिंग-कमिशनिंगला गेलो आणि पगार चौपट झाला.

आता माझं लाडकं मत. घरची परिस्थिती बेताची असेल आणि इलेक्ट्रिकलच करायचं नक्की असेल, तर दहावीनंतर सरकारी तंत्रनिकेतनातून डिप्लोमा आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, हा रस्ता बारावी, सीईटी आणि त्यांच्या क्लासच्या फीपेक्षा सरस. नंतर घरी अडचण आली तरी हातात डिप्लोमा असतो. खड्डा एकच, एम-थ्री, म्हणजे दुसऱ्या वर्षाचं गणित. पहिल्या वर्षाचं गणित न करता थेट लाप्लासवर येऊन आदळता. सुट्टीत एम-वन, एम-टूची पुस्तकं उघडा, नाहीतर केटी, म्हणजे विषय मागे राहणं, ठरलेलं.

महिनाभरात पीएलसी-स्काडा (कारखान्यातली यंत्रं आपोआप चालवायचा प्रोग्रॅम) शिकवून नोकरीची हमी देणाऱ्यांना पैसे देऊ नका. कॉन्टॅक्टर, टायमर आणि ओव्हरलोड रिले वापरून स्टार-डेल्टा स्टार्टर स्वतः जोडता येत नसेल, तर पीएलसीच्या लॅडर डायग्राममध्ये तुम्ही फक्त चित्रं ओळखाल.

महावितरण, महापारेषण, महानिर्मितीच्या भरतीची वाट पाहणं वाईट नाही, पण नोकरी करत पाहा. जाहिरात तुमच्या वयाला विचारून निघत नाही. गेट द्यायची तर तिसऱ्या वर्षापासून. पॉवरग्रिड, एनटीपीसी यांनी त्या गुणांवर मुलं घेतली आहेत. विद्युत निरीक्षकांकडचा पर्यवेक्षकाचा परवानाही अनुभवाची अट पूर्ण झाली की काढून ठेवा. मी आळसात तीन वर्षं घालवली.

यंदा मामेबहिणीला इलेक्ट्रिकल मिळालं. 2024-25 पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, त्यामुळे तिला कर्ज लागलं ते होस्टेल आणि मेसपुरतंच. तिला कॅपमधून टीएफडब्ल्यूएसची, म्हणजे शिक्षण शुल्क माफीची, जागाही दिसत होती, पण त्यात नंतर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही हे तिने स्वतः वाचून काढलं होतं. माझ्यापेक्षा हुशार निघाली. मी फक्त बँकेत सोबत गेलो. व्याज सवलतीसाठी कॉलेजला नॅक किंवा कोर्सला एनबीए मानांकन लागतं, ते आधी पाहिलं. उत्पन्नाच्या दाखल्याच्या दोन प्रती नेल्या. एक दिली, दुसरीवर शिक्का आणि तारखेसकट पोच मागितली. खिडकीवरचे साहेब म्हणाले, "याची काय गरज?" मी म्हटलं, "असू द्या." शिक्का शोधायला त्यांना दहा मिनिटं लागली. आम्ही तिथेच उभे राहिलो.