बेदाण्याच्या बागेत भुरीवर शेवटचा हात कधी?

द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरायला लागलंय. पहाटे गारठा, दुपारी ढगाळ, म्हणजे भुरीला, या पांढऱ्या-करड्या बुरशीच्या रोगाला, आयतंच निमंत्रण. घडाच्या आतल्या देठावर करडी पावडर दिसली की आपला हात मायक्लोब्युटॅनिल या बुरशीनाशकाकडे जातो. तासगाव, पंढरपूर भागात ज्यांचा माल बेदाण्यासाठी वाळवायला शेडवर जाणार आहे, त्यांनी आधी थोडं थांबावं.

हेच बुरशीनाशक २०१६-१७ मध्ये कॅनडात परवानाधारक उत्पादकांच्या औषधी गांजात सापडलं आणि माल परत मागवावा लागला. तिथे खाण्याच्या काही पिकांवर ते चालतं, गांजावर चालत नाही. कारण गांजा ओढतात, आणि हे औषध तापलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सुटू शकतो. डबा तोच, पण पीक माणसाच्या पोटात जातं की फुप्फुसात, यावर सगळा हिशेब बदलतो.

बेदाण्याचा हिशेबही असाच वेगळा आहे. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पाणी उडतं, काही औषधांचा मालात उरलेला अंश वाळताना कमी होतो, काहींचा मात्र दाटतो. म्हणून लेबलवरचा पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी ते तोडणी यांतले दिवस, ही किमान मुदत समजा आणि बेदाण्याच्या प्लॉटला त्याहून जास्त दिवस सोडा. लहान मुलांच्या मुठीत जाणारा माल आहे हा. निर्यातीच्या प्लॉटमध्ये तर हे औषध नकोच. युरोपात त्याची मान्यता २०२१ मध्ये संपली आहे.

आता करायचं काय? घडाजवळची दाटलेली पानं काढा, हवा खेळू द्या. निम्मी भुरी तिथेच आटोक्यात येते, असा माझा अनुभव आहे. गंधक ८० डब्ल्यूडीजी (पाण्यात विरघळणारे दाणे) लिटरला २ ग्रॅम, उन्हाच्या आधी फवारा. बॅसिलस सबटिलिस किंवा अ‍ॅम्पेलोमायसिस ही जैविक औषधं वापरणार असाल तर गंधकासोबत एका टाकीत मिसळू नका.

आणि बिनलेबलचं ‘जैविक टॉनिक’ कुणी बांधावर आणून दिलं तर परत पाठवा. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये गांजा उत्पादकांना ‘नैसर्गिक’ म्हणून विकलेल्या कोळीनाशकात २०१६ मध्ये अबामेक्टिन हे लेबलवर न लिहिलेलं कीटकनाशक निघालं. फवारणाऱ्याला पत्ता नव्हता, अडकला मात्र त्याचाच माल.

फवारणीची तारीख, मात्रा, बॅच नंबर वहीत त्याच दिवशी लिहा, पक्कं बिल त्याच पानाला टाचा. तोडणीच्या आठ-दहा दिवस आधी बागेच्या कडेचे, मधले, वरचे, खालचे असे घड घेऊन अंश तपासायला पाठवा. अहवाल हातात आल्यावरच तोडणीला माणसं सांगा.