ट्यूब प्रीअँपच्या एकाच बाजूने खरखर येतेय? ट्यूब घेण्याआधी हे करून बघा

प्रीअँप म्हणजे अँपच्या (स्पीकर चालवणाऱ्या अँप्लिफायरच्या) आधी लागणारा, आवाजाचा सिग्नल तयार करून देणारा डबा, आणि ट्यूब म्हणजे त्यातली काचेची नळी. डाव्या स्पीकरमधून खरखर यायला लागली की आपण थेट नवीन ट्यूब मागवतो, ५०-१०० नाही, चांगले हजार-दोन हजार जातात आणि खरखर तशीच. मी पण घालवलेत. आता आधी ट्यूबची अदलाबदल करतो, फुकटात कळतं.

१) अँप आधी बंद, मग प्रीअँप बंद करून प्लग काढा. अर्धा तास थांबा. सोलापूरच्या मे महिन्यात जरा जास्तच, काच लवकर गार होत नाही.

२) डावी-उजवी ट्यूब (सेम नंबरच्याच, म्हणजे १२एएक्स७ च्या जागी १२एएक्स७) सरळ वर ओढून काढा, अगदी हलकं डुलवत. मग डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे लावा. ९ पिना असतात, पिनांमधली मोठी गॅप बघून लावायची, जोर नको.

३) चालू करून ऐका. खरखर उजवीकडे गेली तर ट्यूब खराब, एकच बदला. डावीकडेच राहिली तर ट्यूब चांगली आहे, सॉकेट (ट्यूब बसते ती जागा) नाहीतर केबल बघा. आणि खरखर गायबच झाली तर पिनांवर धूळ-काट होती, आमच्याकडे पूर्व भागात मागांचा कापसाचा बारीक भुगा सगळीकडे जाऊन बसतो, त्यामुळे मला तर दोनदा हेच निघालं!

दोन्ही चॅनेलला (डाव्या-उजव्या बाजूला) मिळून एकच ट्यूब असेल तर ही युक्ती चालत नाही.

आणि आतलं झाकण उघडू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवून ठेवणाऱ्या भागात) दोन-तीनशे व्होल्ट राहू शकतात. ट्यूब बाहेरून निघत नसेल तर मेकॅनिककडेच द्या.