कॉम्प्युटर बंद होताना अडकतो? या चुका टाळा

रात्री साडेदहानंतर माझा फोन वाजला की निम्म्या वेळा प्रश्न ठरलेला असतो. "दादा, कॉम्प्युटर बंदच नाही होऊन राहिला. ते गोल गोल फिरूनच राहिलं. बोर्डावरून बंद करून टाकू का?" आणि मी 'नका करू' म्हणेपर्यंत बहुतेक वेळा तिकडून खट् असा आवाज आलेला असतो.

नागपुरात घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. महालातला जुना वाडा असो, मनीषनगरचा फ्लॅट असो की नंदनवनातलं बैठं घर, मशीन वेगळं, विंडोज वेगळं, चुका मात्र त्याच. या चुकांपायी लोकांचं खरोखरीचं नुकसान होताना पाहिलंय, म्हणून लिहितो आहे.

आधी एवढं समजून घ्या. शट डाउन म्हटल्यावर विंडोज पहिल्यांदा उघड्या प्रोग्रॅमना आवरायला सांगतं. मग मागे चालणाऱ्या सर्व्हिसेस थांबवतं, मेमरीत राहिलेलं लिखाण डिस्कवर उतरवतं, ड्रायव्हरना, म्हणजे उपकरणं चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमना, सांगून उपकरणं झोपवतं आणि सगळ्यात शेवटी वीज तोडतं. या रांगेतल्या एकानेही 'झालं' असं कळवलं नाही, तर बाकी सगळं त्याच्यासाठी खोळंबतं. आपल्याला फक्त फिरणारं चाक दिसतं. मशीन तेव्हा कोणाची तरी वाट पाहत असतं. कोणाची, ते शोधलं की दुरुस्ती झाली.

बोर्डावरून बंद करणं

महालात एक काका राहतात. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घराण्याचा कुलवृत्तान्त लिहायला घेतला. कोण कुठल्या गावाहून आलं, काटोलकडची शाखा कुठली, उमरेडकडची कुठली, कोणाच्या किती मुली आणि त्या कुठे दिल्या. चार वर्षं एका बोटाने टाइप करत 212 पानं झाली होती.

त्यांचा कॉम्प्युटर रात्री बंद होताना अडकायचा. वरच्या मजल्यावरच्या मुलाने सांगितलं, "काका, दोन मिनिटं वाट पाहा, नाही झाला तर बोर्डावरून बंद करा, काही होत नाही." काकांनी ते पाच महिने केलं आणि खरंच काही झालं नाही. मे महिन्यात एका संध्याकाळी वादळ सुटलं, लाइट लुकलुकायला लागली. काकांनी घाईने फाइल सेव्ह केली, शट डाउन दाबलं आणि सवयीचा हात त्या दिवशी दोन मिनिटंही थांबला नाही. लगेच खट्.

सकाळी फाइल उघडेना. मी गेलो तेव्हा काकू दारातच म्हणाल्या, "काल रात्रीपासून जेवले नाहीत ते." फाइल जागेवर होती, नाव तेच, आकारही जेवढा असायला हवा तेवढाच. म्हणून आशा वाटली. मग ती आतून उघडून पाहिली. शून्य, शून्य, शून्य. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत फक्त शून्यं. विंडोजने डिस्कवर फाइलची जागा राखून ठेवली होती, पण मजकूर तिथे उतरायच्या आधीच वीज गेली. अशा फाइलमधून काढायला काही उरलेलंच नसतं, कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर लावा. काकांना ते सांगताना माझी जीभ जड झाली होती.

दिवाळीला त्यांनी पुण्याच्या मुलीला पेनड्राइव्हवर एक प्रत दिली होती. त्यातून 140 पानं परत आली. उरलेली ते जुन्या रजिस्टरमधून पुन्हा टाइप करताहेत.

आणि कॉम्प्युटर अडकत कशाने होता? दोन वर्षांपूर्वी भाच्याला देऊन टाकलेल्या प्रिंटरने. प्रिंटर घरात नव्हता, पण त्याचं सॉफ्टवेअर तसंच होतं आणि प्रिंटच्या रांगेत एक जुनं पान अडकून बसलं होतं. रोज रात्री विंडोज त्या नसलेल्या प्रिंटरच्या सर्व्हिससाठी थांबायचं. रांग रिकामी केली, सॉफ्टवेअर काढलं, जुना प्रिंटर यादीतून उडवला. दहा मिनिटांचं काम. त्यानंतर मी मोबाइलवर वेळ लावली, 14 सेकंदांत मशीन बंद झालं. काका नुसते स्क्रीनकडे पाहत बसले.

म्हणून सांगतो, चाक फिरत असेल तर आधी सीपीयूच्या डब्यावरचा डिस्कचा बारीक दिवा पाहा. तो लुकलुकत असेल तर काम चालू आहे, हात लावू नका. दिवा दिसत नसेल तर कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून पाहा. त्याचा दिवा लागतो-विझतो आहे म्हणजे मशीन जिवंत आहे. मी वीस-पंचवीस मिनिटं थांबतो, घड्याळ लावून. तेवढ्यात हालचाल नाही, कॅप्स लॉकही मेलेलं, तरच पॉवरचं बटन 4-5 सेकंद दाबून धरतो. तेही वीज तोडणंच आहे हे लक्षात ठेवा. ते एखाद्या रात्री चालतं. रोज रात्री तेच करावं लागत असेल, तर त्या मशीनला औषधाची गरज आहे.

स्क्रीनवर लिहिलेलं न वाचणं

कितीतरी वेळा विंडोज स्वतःच नाव सांगतं. निळ्या पडद्यावर लिहून येतं की अमुक प्रोग्रॅम बंद होऊ देत नाहीये. लोक ते न वाचता 'शट डाउन एनीवे' दाबतात. ते नाव कागदावर लिहून घ्या किंवा मोबाइलने फोटो काढा. तीन रात्री तेच नाव आलं तर आरोपी सापडला, मला बोलवायचीही गरज नाही.

"मी तर रोज बंद करतो"

हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकतो, आणि म्हणणारा मनापासून खरं बोलत असतो. धरमपेठेत एका कॉलेजच्या मुलीचा लॅपटॉप पाहत होतो. स्क्रीन काळी व्हायची पण पंखा आणि पॉवरचा दिवा चालूच. "रिस्टार्ट कधी केला होता?" "दादा, रोज रात्री बंद करते ना मी!" मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेलो आणि 'अप टाइम' दाखवला. तिथे 38 दिवस आणि काही तास दिसत होते. ती म्हणाली, "हे कसं शक्य आहे? काल रात्रीच तर बंद केला."

2012 साली विंडोज 8 आलं, तेव्हापासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे, आणि बहुतेक मशीनवर ती आपोआप चालू असते. शट डाउन केल्यावर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरची अवस्था डिस्कवरच्या एका फाइलमध्ये जशीच्या तशी ठेवली जाते. सकाळी तीच उचलून परत मांडतात. त्यामुळे सुरू लवकर होतं हे खरं, पण एखादा ड्रायव्हर बिघडलेला असेल तर तोही रोज सकाळी जसाच्या तसा उठतो. रिस्टार्टमध्ये असं होत नाही, तिथे सगळं नव्याने सुरू होतं.

माझी सवय अशी आहे की बंद होताना अडकण्याची तक्रार आली की ही सोय आधी काढून टाकतो. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग वरची निळी ओळ दाबली की खाली 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' ची खूण काढता येते. एकदाच करून पाहायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा, तेवढ्यापुरतं मशीन पूर्ण बंद होतं. एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, असलेल्या मशीनला ही सोय नसली तरी सकाळी काही सेकंदांचाच फरक पडतो. त्या सेकंदांसाठी रोजची कटकट कशाला विकत घ्यायची?

फास्ट स्टार्टअप काढूनही पंखा चालूच राहिला, तर मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून चिपसेटचे, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपचे, ड्रायव्हर घाला. बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम, त्याचं अपडेट शेवटी, आणि लाइट जायची जरादेखील भीती असेल त्या दिवशी अजिबात नाही.

फॉरमॅट मारून घेणं

याचा मला मनापासून राग आहे. प्रतापनगरात घरून डबे पुरवणाऱ्या एका ताईंचा कॉम्प्युटर बंद होत नव्हता. त्यांनी तो दुकानात नेला, तिथे फॉरमॅट मारून, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने घालून दिला. आठ दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा फॉरमॅट. दोन्ही वेळा पैसे गेले आणि दुसऱ्या वेळी गिऱ्हाइकांच्या हिशेबाची शीटही गेली. मी गेलो तेव्हा सीपीयूच्या मागे एक जुनी बाहेरची हार्ड डिस्क कायम लावलेली दिसली. "ही कशाला?" "गाणी आहेत त्यात." ती काढली, शट डाउन केलं, मशीन झटक्यात बंद. दुकानात फक्त सीपीयू गेला होता, डिस्क घरीच राहिली होती, म्हणून तिथे दोष दिसलाच नाही. निदान न करता फॉरमॅट म्हणजे घर गळतं म्हणून घर पाडणं.

आता काही जण नवीनच सांगतात, विंडोज 10 चे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाले म्हणून तुमचं मशीन अडकतं. अपडेट बंद झाल्याने सुरक्षेचा प्रश्न येतो, त्यासाठी पुढचं विंडोज जरूर घ्या. पण त्या तारखेमुळे शट डाउन अडकत नाही.

उन्हाळा, यूपीएस आणि अपडेट

'अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका' असं आकड्यांसह लिहून येतं तेव्हा मशीन हँग झालेलं नसतं. जुन्या हार्ड डिस्कवर त्याला तासभरही लागतो. आपल्याकडे अडचण अशी की ते चालू असतानाच लाइट जाते आणि यूपीएस दोन मिनिटांत मान टाकतो. यूपीएसच्या बॅटरीचं आयुष्य साधारण 25 अंश तापमान धरून सांगितलेलं असतं, आणि त्यावर दर 10 अंशांमागे ते जवळपास निम्मं होतं. मे अखेरच्या नवतपात पारा 45 च्या पुढे जातो आणि बंद खोलीत टेबलाखाली तो यूपीएस तापत पडलेला असतो. त्याने तीन उन्हाळे काढले असतील तर त्याच्यावर विसंबू नका. एका घरी तर यूपीएसच्या मागच्या सॉकेटला कूलरचा पंप लावलेला होता. कृपा करून असं करू नका.

मी सगळ्यांना सांगतो, अपडेट रविवारी सकाळी चहा घेताना करा, रात्री झोपायच्या घाईत नाही. रात्री मेनूत 'अपडेट अँड शट डाउन' दिसलं आणि आभाळ भरलेलं असेल, तर साधं शट डाउन निवडा.

बाकीच्या चुका, थोडक्यात

दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका. एक काढा, आजच.

व्हिडिओ पाहून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत, हात घालू नका. सर्व्हिसला आवरायला विंडोज 5000 मिलिसेकंद, म्हणजे 5 सेकंद देतं. तो आकडा कमी केला की मशीन लवकर बंद होतं, पण ज्याला वेळ हवा होता त्याला मध्येच मारून. दुखणं तसंच राहतं, फक्त दिसेनासं होतं. शिकायला सुरुवात केलेल्या पोरांना नेमकी हीच युक्ती सगळ्यात आधी आवडते.

शट डाउनच्या वेळी पेजफाइल (मेमरी कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) पुसण्याचा पर्याय कोणी 'सुरक्षेसाठी' चालू केला असेल तर तो बंद करा. 16 जीबीची पेजफाइल आणि सेकंदाला 100 एमबी लिहिणारी डिस्क, म्हणजे रोज अडीच मिनिटांच्या वर नुसतं पुसण्यात गेलं.

डिस्क कुरकुरत असेल तर चेक डिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) लावण्याआधी डेटा दुसरीकडे काढा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर पिवळा रंग दाखवत असेल, 'करंट पेंडिंग सेक्टर' समोर शून्याऐवजी आकडा असेल, तर ती डिस्क थकली आहे. थकलेल्या डिस्कला तासन् तास पळवलं की ती वाटेतच बसते.

बंद झाल्यावरही माउसचा लाल दिवा जळतो, हा बिघाड नाही. पॉवर सप्लाय 5 व्होल्ट चालू ठेवतो, तो त्याचा दिवा.

मी दोष शोधतो कसा

कीबोर्ड आणि माउस सोडून सगळं काढतो: प्रिंटर, पेनड्राइव्ह, डिजिटल सहीचं टोकन, वेबकॅम. मशीन नीट बंद झालं तर एकेक परत लावतो आणि प्रत्येकानंतर शट डाउन करून पाहतो. कंटाळवाणं आहे, पण निम्मी प्रकरणं इथेच सुटतात.

नाही सुटलं तर एमएसकॉन्फिग या विंडोजच्याच प्रोग्रॅममध्ये सर्व्हिसेसच्या यादीखालची 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस' ही खूण करूनच बाकीच्या बंद करतो. ती खूण विसरून सगळंच बंद करणारे खूप भेटलेत, मग वायफायही गायब. यानंतर मशीन नीट बंद झालं तर निम्म्या सर्व्हिसेस चालू, पुन्हा शट डाउन, मग उरलेल्यातल्या निम्म्या. चार-पाच फेऱ्यांत एक नाव हाती लागतं.

सोबत इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा. सिस्टीमच्या नोंदींत 6008 हा आकडा जेवढ्या वेळा दिसेल, तेवढ्या वेळा तुमचं मशीन अवेळी बंद पडलं आहे. काकांच्या मशीनवर त्या नोंदींनी पडदा भरला होता.

एवढं करूनही जमलं नाही तर फोन करा. फक्त तीन गोष्टी लिहून ठेवा: पडद्यावर काय लिहून आलं होतं, डिस्कचा दिवा लुकलुकत होता की नाही, आणि हे सुरू झालं त्या आठवड्यात नवीन काय लावलं किंवा घातलं होतं.